बेथेलची नभोवाणी

उत्तर अमेरिका खंडाच्या वायव्य टोकाशी अलास्का नावाचा प्रचंड प्रदेश पसरलेला आहे. १८६७ साली अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी तो रशियाकडून विकत घेतला आणि १९५९ साली त्याला घटकराज्याचा दर्जा दिला. ह्या प्रदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावर यूकॉन आणि कुस्कोक्विम ह्या दोन मोठ्या नद्या बेरिंगच्या समुद्रास मिळतात. हजारो वर्षे त्यांनी वाहून आणलेल्या गाळाचा तेथे एक सपाट, पाणथळ आणि बव्हंशी वृक्षहीन मुलूख तयार झाला आहे. जगातील मोठ्या त्रिभुज प्रदेशांत त्याची गणना होते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,३०,००० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आपल्या गोव्याएवढे ३५ प्रदेश त्यात मावतील. आणि एवढ्या भूमीवर माणसे किती म्हणाल, तर सारी मिळून २५,००० च्या आसपास!

ह्या मुलुखात, कुस्कोक्विमच्या काठी, बेथेल नावाचे गाव आहे. २०२० च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या ६,३२५ भरली. एवढ्याशा गावाला त्या भागात राजधानीचा मान आहे. कारण भोवतालच्या पन्नासच्या घरातील खेड्यांना लागणारे इस्पितळ, न्यायालय, मोठा विमानतळ आणि बाजार हे सारे येथेच आहे. येथूनच १९७१ सालापासून एक लहानशी नभोवाणी आपल्या लोकांशी बोलत आली आहे. ती जाहिराती घेत नाही, नफा मिळवीत नाही, आणि तिचे सारे श्रोते एकत्र जमविले तर आपल्याकडील एखाद्या मोठ्या जत्रेतही ते दिसून यावयाचे नाहीत. तरीही तिच्यावाचून त्या मुलुखातील जीवन कसे चालेल, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत फार तीव्रतेने पुढे आला आहे. तिची हकीकत वाचकांनी जाणून घ्यावी अशी आहे.

मुलूख कसा आहे

नभोवाणीची थोरवी कळावयाची तर आधी ती ज्या भूमीवर बोलते ती भूमी समजून घेतली पाहिजे. टंड्राच्या ह्या प्रदेशात जमिनीखालचा थर बाराही महिने गोठलेला असतो. उन्हाळ्यात वरची हात-दीड हात माती तेवढी विरघळते आणि पाणी खाली मुरू शकत नसल्यामुळे जिकडे तिकडे तळी, डबकी व दलदल पसरते. विमानातून पाहणाऱ्यास जमिनीत पाणी आहे की पाण्यात जमीन आहे, असा संभ्रम पडावा, अशी तेथील रचना आहे. घरे खांबांवर उभी करावी लागतात. कारण घरातील ऊब जमिनीस लागली तर ती विरघळून घरच खचावयाचे. पाण्याचे नळही जमिनीत पुरता येत नाहीत. ते वेष्टणात गुंडाळून जमिनीवरून न्यावे लागतात, आणि कित्येक खेड्यांत तर घरोघर नळ अद्याप पोहोचलेच नाहीत.

बेथेलपासून अँकरेज हे मोठे शहर सुमारे ६४० किलोमीटर दूर आहे, आणि त्या दोहोंना जोडणारा रस्ता नाही. बेथेलमध्ये काही मैलांचे अंतर्गत रस्ते आहेत खरे, आणि त्यांवरून टॅक्सी मात्र अमाप धावतात. मोटार समुद्रमार्गे आणवणे सर्वांना परवडत नाही आणि थंडीत पायी चालवत नाही, म्हणून टॅक्सीवाचून तेथे कोणाचे चालत नाही. त्या चालविणाऱ्यांत कोरियातून व आल्बेनियातून आलेले पुष्कळ लोक आहेत. पोटासाठी माणूस कोठून कोठे जातो, पहा! पण गावाची वेस ओलांडली की रस्ता संपला. टपाल, औषधे, दूध, पीठ हे सारे लहान विमानांतून खेड्यांत उतरते, आणि त्या वाहतुकीचा भार प्रत्येक वस्तूच्या किमतीवर पडतो.

ह्या मुलुखाचा खरा हमरस्ता म्हणजे नदी होय. उन्हाळ्यात तिच्यावरून होड्या चालतात. हिवाळ्यात ती गोठली की तिच्यावरील बर्फ नांगरून वाट केली जाते आणि त्या वाटेवरून मोटारीसुद्धा धावू लागतात. काही हिवाळ्यांत ही बर्फवाट तीनशे किलोमीटरांहूनही अधिक लांब होते. संकटाचे दिवस म्हणजे मधले, शरद ऋतूत नदी गोठू लागते ते आणि वसंतात ती फुटू लागते ते. त्या दिवसांत होडी चालत नाही आणि बर्फ भार सोसत नाही. कोठे बर्फ पातळ आहे, कोठे पाणी उघडे पडले आहे, ह्याची वार्ता वेळेवर न मिळाल्यामुळे माणसे बुडाली आहेत. बेथेलच्या शोधपथकातील स्वयंसेवक अशा जागा हेरून तेथे खुणेचे खांब रोवतात. परंतु खांब रोवल्याची वार्ता दूरवरच्या खेड्यास कोण सांगणार?

डिसेंबरात तेथील दिवस जेमतेम साडेपाच तासांचा असतो, तर जूनमध्ये तो एकोणीस तासांवर जातो. त्या लांबलचक दिवसांत भूमी एकाएकी जागी होते. लक्षावधी पाणपक्षी घरटी करावयास येतात. गॉडविट नावाचा एक लांब चोचीचा पक्षी शरद ऋतूत तेथून निघतो तो पॅसिफिक महासागरावरून कोठेही न उतरता थेट न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियास पोहोचतो. २०२२ साली पाठीवर बारीकसा यंत्रखुणेचा पट्टा बांधलेले असे एक कोवळे पाखरू अलास्काहून निघून अकरा दिवसांत सुमारे १३,५६० किलोमीटर उडत टास्मानियास पोहोचल्याची नोंद आहे.

येथील मूळ रहिवासी यूपिक लोक होत. रावस, सील, मूस नावाचे मोठे हरीण, बदके आणि रानफळे ह्यांवर त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे जीवन अवलंबून आहे. उन्हाळ्यात कुटुंबेच्या कुटुंबे नदीकाठच्या मासेमारीच्या तळावर जाऊन राहतात, मासे कापतात, वाळवितात, धुरी देऊन हिवाळ्यासाठी साठवितात. ही त्यांची हौस नव्हे. घरातील वर्षभराचे अन्न आहे.

‘देवाचे घर’

बेथेल हे नाव ख्रिस्ती वाचकास ओळखीचे वाटेल. यूपिक लोक ह्या जागेला मासे धुरविण्याच्या घरांवरून पडलेल्या नावाने ओळखीत. १८८५ साली मोरेव्हियन पंथाचे मिशनरी येथे वस्तीस आले. त्यांच्या पंथात दर दिवसासाठी एक शास्त्रवचन नेमलेले असते. जागा निश्चित करण्याच्या दिवशी ‘ऊठ, बेथेलास जा’ अशा आशयाचे उत्पत्तीच्या पस्तिसाव्या अध्यायातील वचन आले होते, म्हणून ‘देवाचे घर’ ह्या अर्थाचे हे नाव पडले, असे सांगतात. त्यापूर्वीच रशियन ऑर्थोडॉक्स पंथ ह्या नदीकाठी पोहोचला होता, आणि यूकॉनच्या बाजूस येशूसंघाचे धर्मगुरू १८८० नंतरच्या दशकात आले. त्यांपैकी सेगुंदो ल्योरेंते ह्या स्पॅनिश धर्मगुरूंवर लोकांचा एवढा विश्वास होता की, १९६० साली मतपत्रिकेवर नाव छापलेले नसतानाही मतदारांनी स्वहस्ते ते लिहून त्यांना राज्याच्या विधिमंडळावर निवडून पाठविले. आज हा सारा भाग फेअरबँक्स धर्मप्रांतात मोडतो, आणि तेथील बहुतेक धर्मग्रामांना जावयाचे म्हणजे विमान किंवा होडी हाच मार्ग आहे.

ह्या मुलुखात शब्द दूरवर पोहोचविण्याची तळमळ नभोवाणीच्याही आधीची आहे. उयाकूक नावाचा एक यूपिक गृहस्थ मोरेव्हियन मिशनचा मदतनीस होता. त्यास इंग्रजी लिहितावाचता येत नव्हते. परंतु ऐकलेली शास्त्रवचने जशीच्या तशी लोकांना सांगता यावीत, ह्या ध्यासाने त्याने १९०० च्या सुमारास आपल्या भाषेसाठी चिन्हे तयार करण्यास आरंभ केला. प्रथम ती केवळ चित्रे होती. पण पाचेक वर्षांत त्यांतून उच्चारांची अवयवशः खूण करणारी लिपीच तयार झाली. चित्रापासून अक्षरापर्यंत येण्यास मानवजातीस शतकानुशतके लागली. तो प्रवास एका माणसाने आपल्या हयातीत केला. १९२४ साली तो वारला.

पण त्याच काळात ह्या लोकांवर भयंकर आपत्ती कोसळली होती. १९०० साली इन्फ्लुएंझा आणि गोवर ह्यांची साथ पश्चिम अलास्कात पसरली आणि काही गावांतील निम्म्याहून अधिक माणसे तिने नेली. घरेच्या घरे ओस पडली. आजारीची सेवा करावयास आणि मुलांना परंपरा सांगावयास माणूस उरले नाही. त्यापुढील काळात शाळा आल्या. पण त्यांत मातृभाषा बोलणाऱ्या मुलास शिक्षा होत असे. अशा रीतीने, ज्या समाजाचे सारे ज्ञान तोंडी होते, त्याचे तोंडच बंद करण्यात आले.

केंद्राचा जन्म

१९६७ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ह्यांनी सार्वजनिक ध्वनिक्षेपणाच्या कायद्यावर सही केली. ज्या ठिकाणी जाहिरातदारांच्या पैशावर केंद्र चालू शकत नाही, तेथेही शिक्षण, वार्ता व संस्कृती पोहोचावी, हा त्या कायद्यामागील हेतू होता. बेथेलसारख्या गावाला तो अगदी चपखल लागू पडत होता. जेथे दुकानेच मोजकी, तेथे जाहिरात कोण देणार? खेड्यांत तेव्हा टेलिफोन जवळजवळ नव्हतेच. गावकऱ्यांनी एक संस्था स्थापन केली आणि १९७१ च्या मे महिन्यात मध्यम लहरींवर, ६४० किलोहर्ट्‌झवर, बेथेलचे केंद्र बोलू लागले. अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या मालकीचे आणि त्यांनीच चालविलेले पहिले सार्वजनिक नभोवाणी केंद्र म्हणून त्याची ओळख सांगितली जाते.

त्याच्या नावातही एक गंमत आहे. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडील केंद्रांची नावे सामान्यतः ‘के’ ह्या अक्षराने सुरू होतात. बेथेलच्या केंद्राचे नाव ‘के. वाय. यू. के.’ असे आहे. पहिले अक्षर बाजूस ठेवले की उरलेल्या तिहींचा ‘युक’ असा शब्द होतो, आणि यूपिक भाषेत ‘युक’ म्हणजे माणूस. ‘यूपिक’ ह्या नावाचाही अर्थ ‘खरा माणूस’ असाच आहे. केंद्राच्या एका यूपिक कार्यक्रमाचे नाव तर ‘युक टू युक’, म्हणजे माणसाकडून माणसास, असे आहे.

मध्यम लहरींची निवडही विचारपूर्वक झाली, असे म्हणावयास हरकत नाही. आज शहरांतून लोकप्रिय असलेल्या एफ. एम. च्या लहरी स्वच्छ ऐकू येतात, पण त्या साधारणपणे दृष्टीच्या टप्प्यापर्यंतच जातात. मध्यम लहरी जमिनीला धरून, तिच्या गोलाईबरोबर वळत, शेकडो किलोमीटर जातात. ओलसर भूमी व समुद्र ह्यांवरून तर त्या अधिकच सुखाने प्रवास करतात. रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन त्या आणखी दूर पोहोचतात. ६४० किलोहर्ट्‌झची एक लहर सुमारे ४६९ मीटर लांब असते. असल्या लांब लहरींनी आणि दहा किलोवॅटच्या शक्तीने एकच केंद्र तो अफाट मुलूख कवेत घेऊ शकते, आणि ती ऐकावयास बॅटरीवर चालणारा साधा संच पुरे होतो. मासेमारीच्या तळावर, जेथे विजेची तार नाही आणि खिशातील फोन मुका होतो, तेथेही फळीवर ठेवलेला तो संच बोलत राहतो.

योगायोग असा की, त्याच वर्षी १८ डिसेंबरला अलास्कातील मूळ रहिवाशांच्या जमिनींविषयीचा मोठा कायदा मंजूर झाला. त्याने ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर एवढी रक्कम मूळ रहिवाशांच्या नव्याने स्थापन होणाऱ्या मंडळ्यांकडे जावयाची ठरली. कायद्याची भाषा वकिलांनाही अवघड. मग ज्यांना इंग्रजीच परके, त्या वृद्धांची काय कथा? आपल्या वडिलोपार्जित भूमीचे काय होणार, हे त्यांना त्यांच्या भाषेत सांगू शकेल असा आवाज नेमका त्या वेळी त्या मुलुखास लाभला होता.

दिवसभर काय ऐकू येते

अशा केंद्रावर काय असते? देशाच्या व राज्याच्या बातम्या असतात, संगीत असते. पण लोक कान टवकारतात ते निराळ्याच गोष्टींसाठी. वारा कोणत्या दिशेचा आणि किती वेगाचा, विमान आज सुटेल की नाही, नदीवरचा बर्फ किती जाड, मासेमारीस कोणत्या दिवशी किती तास मोकळीक, शोधपथक कोणाच्या शोधात निघाले आहे, ह्या त्यांच्या जीवनमरणाच्या वार्ता होत. त्यांच्या जोडीला नातवंडांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात आणि निधनवार्ताही असतात. दोन खेड्यांत शंभर किलोमीटरांचे अंतर असले, तरी एकाच्या घरचे दुःख दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात त्याच दिवशी कळते. आपल्याकडे विहिरीवर किंवा चर्चच्या आवारात जे बोलणे होते, ते तेथे नभोवाणीवर होते, असे म्हटले तरी चालेल.

मासेमारीच्या वार्तेस अलीकडे फार महत्त्व आले आहे. नदीत येणाऱ्या मोठ्या जातीच्या रावसाची संख्या गेल्या दीड दशकात अतिशय घटली. त्यामुळे सरकारला मासेमारीवर कडक निर्बंध घालावे लागले. २०१२ साली, आमच्या मुलांनी खावे काय, असा प्रश्न करीत काही कोळ्यांनी बंदी असताना जाळी टाकली आणि त्यांच्यावर खटले झाले. अशा वेळी अधिकाऱ्यांची बाजू आणि कोळ्यांची बाजू ह्या दोन्ही एकाच ध्वनिक्षेपकातून ऐकू येणे, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

आनंदाचे प्रसंगही आहेत. वसंतात नदीच्या बर्फावर एक तिवई उभी करतात. बर्फ फुटून ती कोणत्या दिवशी, कोणत्या मिनिटास हलेल, ह्याच्या अंदाजावर पैजा लागतात आणि सारा मुलूख बातमीची वाट पाहतो. जानेवारीत कुत्र्यांच्या गाड्यांची प्रसिद्ध शर्यत होते. १९८० साली सुरू झालेली ही शर्यत बेथेलहून निघून नदीने वर जाऊन परत येणारी, सुमारे ४८० किलोमीटरांची असते, आणि केंद्राचे वार्ताहर अंधारात, हाडे गोठविणाऱ्या थंडीत, वाटेवरून तिचे वर्णन करतात. २०१९ साली बेथेलचा पीट कायझर हा अलास्कातील सर्वांत मोठी, सुमारे १,६०० किलोमीटरांची इडिटारॉड शर्यत जिंकणारा पहिला यूपिक ठरला, तेव्हा ह्या मुलुखात केवढा उत्सव झाला असेल, ह्याची कल्पना करता येईल.

भाषेचे ऋण

तथापि ह्या केंद्राचे सर्वांत मोठे कार्य भाषेचे आहे, असे मला वाटते. १९७० साली काही खेड्यांच्या शाळांतून लहान मुलांना प्रथम यूपिकमधून शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला, आणि पुढल्याच वर्षी ती भाषा नभोवाणीवर ऐकू येऊ लागली. ज्या शब्दासाठी शाळेत छडी खाल्ली, तोच शब्द आता बातम्यांतून ऐकताना त्या पिढीच्या मनात काय आले असेल? जी भाषा घरातच कुजबुजावयाची, तिला सार्वजनिक प्रतिष्ठा मिळाली.

रोजच्या बातम्या यूपिकमध्ये सांगणे हे सोपे काम नव्हे. न्यायालय, अंदाजपत्रक, विमा, लस ह्या गोष्टी त्या भाषेत नव्हत्या. निवेदकास इंग्रजी बातमी समोर ठेवून, दर वाक्यागणिक, वृद्ध आजीस कळेल असा शब्द शोधावा लागतो. २०२०-२१ च्या कोरोना साथीत ह्या कामाचे मोल विशेष दिसून आले. १९०० च्या साथीची स्मृती त्या घरांतून अद्याप जिवंत आहे. त्या वेळी रोग कोठून आला, काय करावे, हे सांगणारे कोणी नव्हते. ह्या वेळी तेथील आरोग्यसंस्थेचे सांगणे लोकांच्या स्वतःच्या भाषेत त्यांच्या घरात पोहोचत होते.

उलट दिशेनेही देवघेव झाली. बर्फ विरघळून, लाटांनी झिजून आणि पुराने भिजून जमीन एकाएकी खचते, त्यास यूपिकमध्ये ‘उस्तेक’ म्हणतात. इंग्रजीत एका शब्दात हे सांगता येत नसल्यामुळे अलास्का राज्याच्या आपत्तीविषयक आराखड्यातही आता तो शब्द स्वीकारला गेला आहे. ह्या उस्तेकमुळेच न्यूटॉक नावाचे सारे गाव नदीच्या पोटात जाऊ लागले आणि २०१९ ते २०२४ ह्या काळात तेथील लोकांना सुमारे पंधरा किलोमीटरांवरील उंच जागी नवे गाव वसवून जावे लागले.

केंद्राने आणखी एक ठेव जपली आहे. गेल्या अर्धशतकात त्याने वृद्धांची बोलणी, कथा, नृत्यगीते व मुलाखती फितींवर मुद्रित करून ठेवल्या. त्यांतील बहुतेक माणसे आज हयात नाहीत. उयाकूकने चिन्हांत जे पकडावयाचा प्रयत्न केला, ते ह्या फितींनी आवाजासकट पकडले आहे.

पैशाचा प्रश्न

आता कटू भागाकडे वळू. नभोवाणी चालवावयास वीज लागते, यंत्रे लागतात, माणसे लागतात. आणि बेथेलमध्ये ह्या तिन्ही गोष्टी महाग आहेत. श्रोते वर्गणी देतात, पण २५,००० माणसांच्या मुलुखातून, जेथे कित्येक घरांत रोख पैसा मोठ्या कष्टाने येतो, किती वर्गणी जमणार? २०१९ साली अलास्काच्या राज्यपालांनी सार्वजनिक नभोवाणीचे राज्याकडून मिळणारे अनुदान काढून टाकले. तेव्हापासून सारा भार मुख्यतः केंद्र सरकारच्या साहाय्यावर आला. बेथेलच्या केंद्राचे सुमारे ७० टक्के उत्पन्न ह्या एका झऱ्यातून येत होते.

२०२५ च्या जुलैमध्ये तो झराही आटला. देशभरच्या सार्वजनिक ध्वनिक्षेपणासाठी दोन वर्षांकरिता मंजूर झालेली सुमारे ११० कोटी डॉलरांची रक्कम परत घेण्याचा ठराव वॉशिंग्टनमध्ये आला. सरकारी पैशावर वार्तासंस्था चालू नयेत, आणि ही केंद्रे एका मताकडे झुकलेली आहेत, असे ठरावाच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे होते. विरोधकांचे म्हणणे असे की, मोठ्या शहरांतील केंद्रांचे श्रीमंत श्रोते त्यांना तारतील. बुडतील ती दूरची, गरीब केंद्रे. चर्चा चालू असतानाच, १६ जुलैला अलास्काच्या किनाऱ्याजवळ ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्सुनामीचा इशारा द्यावा लागला. तो इशारा लोकांपर्यंत पोहोचविण्याचे काम किनाऱ्यावरील सार्वजनिक केंद्रांनी केले, ह्याकडे अलास्काच्या सिनेटर लिसा मर्कोव्स्की ह्यांनी लक्ष वेधले. तरीही सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ४८ मतांनी ठराव मंजूर झाला आणि २४ जुलैला त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली.

ज्या घरची दहा आण्यांपैकी सात आणे मिळकत एका दिवसात जाते, त्या घरात काय होते ते आपण सर्व जाणतो. केंद्राला खर्चास कात्री लावण्याची आणि माणसे कमी करण्याची वेळ आली. अमेरिकेत इतरत्र राहणाऱ्या अनेकांनी अशा केंद्रांना देणग्या पाठविल्या, हे त्यांचे औदार्य खरे. परंतु देणगी ही एका वर्षाची सोय असते. पुढल्या वर्षाचे अंदाजपत्रक तिच्यावर बांधता येत नाही.

ऑक्टोबरची ती रात्र

ह्यानंतर तीन महिने लोटतात न लोटतात तोच मोठे संकट आले. ‘हालोंग’ नावाच्या पॅसिफिकमधील वादळाचा अवशेष ११ व १२ ऑक्टोबर २०२५ च्या दरम्यान ह्या किनाऱ्यावर येऊन आदळला. किपनुक आणि क्विगिलिंगोक ही समुद्राजवळची दोन खेडी त्याच्या तडाख्यात सापडली. रात्रीच्या अंधारात भरतीची पातळी नेहमीच्या उच्चांकाहून कितीतरी फूट चढली. खांबांवर उभी असलेली घरे पायावरून उचलली गेली आणि काही तर आतील माणसांसह होडीसारखी वाहत निघाली. एक जण मृत्युमुखी पडला, दोघे बेपत्ता झाले आणि ह्या किनाऱ्यावरील दीड हजारांहून अधिक माणसे बेघर झाली. लोकांनी प्रथम शाळांच्या इमारतींत आसरा घेतला. मग हेलिकॉप्टरांनी व विमानांनी त्यांना बेथेलला आणि तेथून शेकडो माणसांना अँकरेजला नेण्यात आले. अलास्काच्या इतिहासात अशी मोठी हवाई सुटका क्वचितच झाली असेल.

त्या दिवसांत बेथेलचे केंद्र आपल्या मोजक्या माणसांनिशी काम करीत होते. कोणत्या गावात काय झाले, आसरा कोठे आहे, विमाने केव्हा निघणार, मदत कोठे मागावयाची, हे त्याने इंग्रजीत आणि यूपिकमध्ये लोकांना कळविले. वॉशिंग्टनमध्ये जी चर्चा कागदावरील आकड्यांची झाली होती, तिचा अर्थ ह्या किनाऱ्यावर उघड्या डोळ्यांनी पाहावयास मिळाला.

जे लोक विमानाने अँकरेजला गेले, त्यांच्यापुढे आज निराळाच प्रश्न आहे. गावाची जमीन उरली आहे की नाही, परत जावयाचे की नाही, मुलांची भाषा शहरात टिकेल की नाही? नदी, मासे, धुरीची घरे सोडून उंच इमारतींच्या शहरात राहणाऱ्या वृद्धांना घरची एकच वस्तू बरोबर नेता आली आहे; ती म्हणजे बेथेलचा आवाज. तो आता इंटरनेटवरून कोठेही ऐकता येतो. बर्फ किती जाड झाला, शर्यतीत कोण पुढे आहे, कोणाच्या नातीचा वाढदिवस आहे, हे त्यांना त्यांच्याच भाषेत तेथेही कळते.

दरडोई खर्चाचा हिशेब मांडला तर बेथेलसारखे केंद्र नेहमीच महाग ठरणार. दूर डोंगरावरील पाच घरांसाठी टपालवाला चालत जातो, तेव्हाही तो हिशेब असाच तोट्याचा दिसतो. पण ज्या घरांना दुसरा मार्ग नाही, तेथे त्या एका फेरीची किंमत त्या घरांनाच विचारली पाहिजे. यूपिक भाषेत ‘आभारी आहे’ ह्यास ‘कुयाना’ म्हणतात. वादळानंतर सुखरूप पोहोचलेल्या माणसांच्या तोंडी तो शब्द पुष्कळदा आला असेल, आणि त्यातील थोडासा वाटा नदीकाठच्या त्या लहानशा केंद्रालाही मिळावयास हवा.